माई आधी आत गेल्या

काजूच्या कारखान्यात गर निवडत होते, तेव्हा शेजारणीचा फोन आला. माई अंगणात कोकमं वाळत घालताना खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. डिचोलीहून घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

माई माझ्या सासूबाई. माहेर पेडण्याचं, बोली शेवटपर्यंत तिथलीच. माझा नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. त्याच्या आजारपणात कळलं की आम्हा दोघांनाही एचआयव्ही आहे. त्याला औषधं उशिरा सुरू झाली, तो गेला. मी गोळ्या घेत राहिले, सावरले. दिवसकार्य आटोपल्यावर भाऊ मला न्यायला आला. त्याच्यापुढे चहा ठेवत माई म्हणाल्या, "तिका जावचां आसात तर जांव दे. पण मी धाडूचंय नाय." मी राहिले.

पुढे काही वर्षांनी, जिथून गोळ्या मिळतात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायला सांगितली. एचपीव्ही नावाचा आणखी एक विषाणू असतो. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो आपसूक जातो, पण एचआयव्ही असेल तर मुक्काम ठोकून बसण्याची भीती जास्त, आणि मग पुढे कॅन्सर होऊ शकतो. वरून सगळं ठीक दिसत असलं तरी त्याचा डीएनए तिथून घेतलेल्या नमुन्यात सापडतो. मी दोनदा टाळलं. एक आजार निभावत होते, दुसऱ्याचं नाव ऐकायची ताकद नव्हती. माईंना सुगावा लागला आणि एका सकाळी त्या नवं लुगडं नेसून माझ्याआधी बस स्टॉपवर उभ्या!

पणजीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्सने माझं नाव पुकारलं आणि मी पिशवीतले कागदच पुन्हा लावत बसले. नर्सने परत हाक मारली. माई उठल्या. "आदी माजी करा," म्हणाल्या. ताप आला तरी डॉक्टरकडे न जाणारी ही बाई! तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई हसल्या, "तुमचीही व्हायला हवीच." थोड्या वेळाने माई लुगडं सारखं करीत बाहेर आल्या. "काय नाय गे. दात काडतत त्यापेक्षा बरां." मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच मी आत गेले.

त्यांचा रिपोर्ट चांगला आला. माझ्या नमुन्यात विषाणू सापडला, तोही धोक्याच्या जातीचा. मग दुर्बिणीतून पाहिलं, इवलासा तुकडा तपासायला काढला. पेशी बदलू लागल्या होत्या. कॅन्सर झालेला नव्हता. बिघडलेला तेवढा भाग डॉक्टरांनी जाळून काढला. माई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. परतताना बसमध्ये मी म्हटलं, "माई, माझ्यापायी तुम्हाला किती या फेऱ्या..." त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. साखळीचा स्टॉप जवळ आला तेव्हा म्हणाल्या, "माज्या झिलाकडसून इलां तां तुका. मगे त्याच्या आवशीन वांगडा येवक नको?" मुलाकडून आलं, म्हणून त्याच्या आईने सोबत यायचं; मुलाबद्दल एवढंच बोलल्या, एकदाच.

त्यानंतर वाड्यावरच्या बायकांना त्या बिनदिक्कत सांगायच्या, "माजी केली, तुमी पण करून घेयात." पाणी भरताना, लग्नात जेवणाच्या पंगतीत, कुठेही. दोघीतिघी गेल्याही. पण माझं नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. आज माझी गोष्ट मीच सांगते आहे.

उपचारानंतर दर वर्षी मला तपासणीला बोलावतात. माईंना वाचता येत नसे. मी रिपोर्ट आणला की त्या खाटेवर मांडी घालून बसायच्या आणि सगळं मोठ्याने वाचायला लावायच्या, अगदी वरच्या पत्त्यापासून. इंग्रजी ओळीचा अर्थ, 'विषाणू आढळला नाही', मी मराठीत सांगितला की हात वर करून मला थांबवायच्या. तेवढं परत वाचून घ्यायच्या.

परवा पहिल्यांदाच एकटी जाऊन आले. माईंच्या खोलीत खाटेच्या कडेला बसून रिपोर्ट पत्त्यापासून वाचायला घेतला. 'आढळला नाही'च्या ओळीशी आपोआप थांबले...

मग ती परत वाचली.