मधला आकडा

नगरपालिकेत अंदाजपत्रकं तयार करणाऱ्या कारकुनाला सगळे ‘मधलेकाका’ म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे, चौतीस वर्षांच्या नोकरीची कमाई. रुजू झाल्याच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ओळखलं होतं, की समितीपुढे तीन पर्याय ठेवले तर सर्वांत स्वस्ताचा सभासदांना संशय येतो, सर्वांत महागाची भीती वाटते आणि मधला एकमताने मंजूर होतो. आत काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. त्यामुळे गावातला दवाखाना, पाण्याची टाकी आणि बाजारातलं स्वच्छतागृह कुठे व्हायचं, हे प्रत्यक्षात मधलेकाकांनीच ठरवलं होतं. समितीला याचा पत्ता नव्हता आणि काकांना त्याचा गर्व नव्हता. म्हणजे घराबाहेर तरी नव्हता.

यंदा पालिकेच्या नव्या इमारतीसाठी तीन जागा निघाल्या. नाल्याकाठचं गोदाम, टेकडीवरचं मैदान आणि कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. वसाहतीत आठ बिऱ्हाडं. त्यातलं पाचवं काकांचं, हयात असेपर्यंत राहायला मिळालेलं.

काकांनी खर्च काढला. गोदाम स्वस्त, टेकडी महाग, वसाहत बरोब्बर मधे. पुन्हा काढला. आकडा तसूभर हलला नाही.

“अहो, जन्मभर लोकांची घरं मधे घातलीत,” बायको म्हणाली. “आता आपलं तेवढं मधून काढा.”

“अगं, खोटा आकडा कसा लिहू?”

“खोटा कशाला? आठ संसार उठवणार, त्यांना ठेवणार कुठे? तो खर्च धरलात का?”

काकांनी चष्मा काढला. आजवर किती बिऱ्हाडं त्यांच्या कागदावरून उठली होती, पण हा खर्च त्यांनी कधीच धरला नव्हता. नियमात मात्र तो होता, पान एकशे बारा. अशा रीतीने मधलेकाकांच्या हातून नोकरीतलं पहिलं पूर्ण प्रामाणिक अंदाजपत्रक तयार झालं.

दुर्दैवाने प्रामाणिकपणा थोडा कमी पडला. वसाहत अजूनही टेकडीच्या खालीच राहिली. मग काकांनी एक ओळ वाढवली: ‘भिंती अतिशय जीर्ण असून केव्हाही कोसळतील, सबब एकेक वीट हाताने उतरवावी लागेल.’ खरं तर त्या भिंतीत एक खिळा ठोकायला काकांना अर्धा रविवार लागला होता. पण वसाहत टेकडीच्या वर गेली.

सभेत अध्यक्षांनी तीन बेरजा वाचल्या, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “टेकडी.” हात वर झाले. मागच्या बाकावर काकांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नव्याने निवडून आलेल्या बाई उठल्या. त्या निवृत्त शिक्षिका. कागद वाचायचे नसतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

“अध्यक्षसाहेब, भिंती केव्हाही कोसळतील असं इथे लिहिलंय. आणि आपण त्यात आठ कुटुंबं ठेवलीत?”

“कोणी लिहिलं हे?” अध्यक्षांनी विचारलं. अभियंतासाहेबांनी मोठ्या अभिमानाने काकांकडे बोट दाखवलं.

“शाबास!” अध्यक्ष म्हणाले. “स्वतः राहतात, तरी लपवलं नाही. महिन्याभरात वसाहत रिकामी करा.”

ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या पडल्या. काकांना उभं राहून हात जोडावे लागले.

बाहेर पडताना अभियंतासाहेबांनी खांद्यावर थाप मारली. “काका, आठ बिऱ्हाडांच्या नव्या घरांसाठी तीन पर्याय द्या. सोमवारपर्यंत.”

घरी सगळं ऐकून बायकोने कपाळाला हात लावला. “हौसेने पायावर धोंडा पाडून घेतलात!”

“तीन पर्याय मागितलेत,” काका हळूच म्हणाले.

तिचा हात कपाळावरून खाली आला. इतक्या वर्षांच्या संसारानंतर फोड करून सांगायची गरज नव्हती. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

“लिहा. स्वयंपाकघराला दोन खिडक्या. आणि जिना नको, माझे गुडघे बोलतात.”

काकांनी तीन रकाने आखले आणि मधला भरायला घेतला. दोन ओळींनंतर पेन थांबलं.

“त्या बाई वाचतात गं.”

“मग अक्षर नीट काढा.”