टेड म्हणजे गवत पसरणे

सकाळचे डबे भरून झाले की ऑफिसला निघेपर्यंत मी सासऱ्यांच्या इंग्रजी शब्दकोड्यात डोकावते. ते रेल्वेतून निवृत्त झालेत. पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय पेपर उघडत नाहीत. त्यांचं अडलं की मला हाक येते. त्यातून माझी एक यादी तयार झाली आहे: इंग्रजीत आता कोणी बोलत नाही, पण कोड्यात वारंवार भेटतात असे शब्द. ‘एअर’ म्हणजे आधी, ‘अ‍ॅनॉन’ म्हणजे लवकरच. सासरे म्हणतात, लहान चौकटी भरायला माणसं कमी पडतात, म्हणून या पेन्शनरांना परत कामावर बोलावतात.

दिवाळीनंतर एकदा असंच अडलं.

“वाळण्यासाठी गवत पसरणे. तीन अक्षरं, शेवटी डी,” ते म्हणाले आणि जाडा शब्दकोश काढून बसले. थोड्या वेळाने, “टेड! क्रियापद आहे. म्हणजे, होतं.”

एवढ्याशा कामाला वेगळा शब्द? माझं माहेर तलासरीकडचं, गवताच्या माळावरच वाढले, पण आमच्याकडे याला काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. वहिनीला फोन लावला.

“ताई, गवत सुकवतात म्हणतात, आणखी काय म्हणणार?” वहिनी वैतागलेली होती. “काल पाऊस शिंपडून गेला. कापलेलं सगळं माळावर पडलंय. रविवारी व्यापारी ट्रक घेऊन येणार.”

ओल धरली की गवत काळं पडतं आणि मग तबेलेवाले घेत नाहीत. भात पिकतो तो घरीच खायला लागतो. भावाच्या हातात वर्षाला पैसा येतो तो या गवताचाच. शनिवारी सुट्टी होती. डहाणूहून एसटी पकडून मी माहेरी गेले.

माळावर नवराबायकोची जुंपली होती. भावाने ढग बघून निम्म्या गवताचे ढीग केले होते आणि वर ताडपत्री टाकली होती. वहिनीने बाकीचं उघडं ठेवलं होतं.

“पाऊस आला तर?” भाऊ म्हणाला. “ताईला विचार.”

“त्यांना काय विचारता? त्या शब्दांची यादी करतील.”

मी हसले आणि काठी उचलली. वहिनी काठीने खालचं गवत उचलून झटकायची, ओली बाजू उन्हाकडे करून टाकायची. मी तिच्यामागून तेच करत गेले. करता करता प्रश्न पडला आणि मी सासऱ्यांना फोन केला.

“बाबा, टेड म्हणजे नुसतं पसरणं, की उलटणंही?”

शब्दकोशाच्या पानांची सळसळ ऐकू आली. “दोन्ही. सुटं करून वाऱ्यावर टाकणं.”

“झटकून?”

“झटकून आहे की नाही, ते इथे लिहिलेलं नाही. तुम्ही काय करताय?”

“झटकतोय.”

“मग झटकून,” ते म्हणाले आणि समासात लिहून ठेवतो असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी व्यापारी आला. उंबरगावकडचा, अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलणारा. वरवरचं गवत त्याने बघितलंही नाही. वहिनीने सकाळी रचलेल्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, थांबला, पसंतीने मान डोलावली. मग भावाची ताडपत्री उचलून तिथे हात घातला. बाहेर काढलेला तळवा त्याने सरळ भावाच्या गालाला लावला.

“भाई, आ तो गरम छे! गवत दिलं की शिजवून ठेवलं?”

आतल्या ओलीने ढीग तापला होता. असं गवत भरलं तर वाटेत सडणार, कधीकधी पेटतंही. वहिनीने आधी ढिगाकडे, मग भावाकडे बघितलं. भावाला तेवढं पुरलं.

“मंगळवारी चारोटीहून परत येईन,” व्यापारी म्हणाला. “हे थंड असेल तर भरू.”

वहिनीचं गवत भरून ट्रक गेल्यावर भावाने ताडपत्री ओढून काढली. ढिगातून वाफ निघाली. तो वरवर काठी फिरवायला लागला.

“तसं नाही, खालून घ्या,” वहिनी म्हणाली. त्याने खालून घेतलं. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी सगळं पसरलं आणि मी शेवटच्या एसटीने परतले.

मंगळवारी वहिनीचा फोन आला. भावाचंही बरंचसं गवत ट्रकमध्ये भरून गेलं होतं. तळाचं काळं पडलेलं मात्र व्यापाऱ्याने बाजूला काढायला लावलं, ते तिने चिकूच्या बुंध्याशी टाकलं.

“आणि आमचा भाऊ काय करतोय?”

“ताडपत्री कोणाला हवी का, विचारत फिरतायत.”