आबांचा ट्रक

परवा माहेरी गेले तेव्हा आबा गच्चीत बसून एका खेळण्यातल्या ट्रकला रंग देत होते. रिमोटवर चालणारा, हातभर लांबीचा लष्करी ट्रक. माझा भाऊ सैन्यात असाच ट्रक चालवायचा. गेल्या वर्षी घाटात दरड कोसळली आणि तो ट्रकसकट दरीत गेला.

भावाचा ट्रकसोबतचा फोटो आबांनी शेजारी ठेवला होता. त्यात बघून बघून त्यांनी चकचकीत हिरवा रंग पॉलिश पेपरनं घासला होता, चाकांना चिखल फासला होता, मागच्या हौद्याला खाकी कापड शिवलं होतं. आपण जुन्या वस्तू नव्यासारख्या करायला धडपडतो. आबा मात्र कोरी वस्तू मळवत होते, कारण जे गेलं ते कोरं नव्हतं, रोजच्या वापरातलं होतं.

ड्रायव्हरची जागा रिकामी होती.

"यात बाहुला नव्हता का?" मी विचारलं.

"होता. काढून टाकला," आबा म्हणाले. "तो कुणी दुसराच होता."

मग त्यांनी रिमोट हातात घेतला. ट्रक घरघरत निघाला. आई कपडे वाळत घालत होती, ती बाजूला झाली. गच्चीच्या त्या टोकाला कठडा नाही. ट्रक तिकडे वळलेला दिसताच आई हातातली चादर टाकून धावली आणि तिनं तो उचलून छातीशी धरला.

चाकं तिच्या पदरावर फिरत राहिली. आबा बटण सोडायचं विसरले होते.