रोजची तीन मिनिटं

खडीच्या खाणीवर तिला सगळे भोंगाबाई म्हणत. बारा वर्षं ती ऑफिसच्या खिडकीशी बसून भोंग्याचं बटण दाबत आली होती. बाराला भोंगा, सव्वाबाराला सुरुंग, मधल्या वेळात माणसांनी वर यायचं. मोबाइल फाटकावरच काढून ठेवावे लागत, त्यामुळे खाली सगळ्यांची भिस्त तिच्यावर. सुरुंगकाका तेवढे रेडिओवर लावलेलं मनगटी घड्याळ बघत, कानांत बोळे घालून आडोशाला बसत आणि सव्वाबाराला कळ दाबत.

मग कॉम्प्युटर आला. भोंगा तोच वाजवणार, शिवाय भल्यामोठ्या स्क्रीनवर आठ कॅमेऱ्यांची हलती चित्रं. "बाई, आता नुसतं बघत बसा. हात लावू नका," साहेब म्हणाले. हात लावू नका म्हणे! दुसऱ्याच सकाळी हे शहाणं यंत्र रेडिओच्या तीन मिनिटं मागे. तिनं साहेबांना सांगितलं.

"कॉम्प्युटर चुकत नाही, बाई. तुमचा रेडिओ म्हातारा झालाय."

ऑफिसातले चारजण फिदीफिदी हसले. ते तिच्या जिव्हारी लागलं.

तेव्हापासून रोज सकाळी, कोणी यायच्या आत, ती गुपचूप वेळ पुढे सरकवी आणि वहीत टिपून ठेवी. तीन मिनिटं. तीन. कधी साडेतीन. असे पाच महिने. बसा हसत, तुमचा गाडा मीच ओढतेय, असं मनाशी म्हणे. त्यात तिला सुखही होतं, खोटं कशाला बोलायचं.

मग आई अंथरुणाला खिळली आणि बाई सहा दिवस रजेवर गेली. वेळेचं कोणाला सांगून गेली नाही. कॉम्प्युटर आहेच, म्हणून तिच्या खुर्चीवर कोणाला बसवलंही नाही.

रोजची तीन-तीन मिनिटं साचत गेली, पाचव्या दिवशी तर खाणीला सुट्टीच होती. सहाव्या दिवशी सव्वाबाराला सुरुंग उडाला तेव्हा ड्रिलवाला खालीच होता, भोंग्याची वाट बघत. बाराचा भोंगा वाजला तो सुरुंगानंतर तीन मिनिटांनी, अठरा मिनिटं उशिरा.

साहेबांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तर वेळ अगदी बरोबर. म्हणजे काकांनीच घाई केली, असं ठरलं. चौकशीला काका मान खाली घालून उभे होते आणि तुरुंगाची भाषा चालली होती.

बाई दारात थांबली. वही पिशवीत होती. काढली तर स्वतःच्या हातानं स्वतःवर आळ, नाही काढली तर काकांचा बळी. तिनं वही टेबलावर ठेवली.

वही बघून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं दोन तासांत खोट काढली. स्क्रीनचा ड्रायव्हर, म्हणजे चित्रं उमटवणारा प्रोग्रॅम, सदोष होता. चित्रं हलत राहिली की कॉम्प्युटर त्यातच गुंतायचा आणि सेकंद मोजायचे राहून जायचे. बंद करून चालू केला, की आतल्या बॅटरीवरच्या घड्याळावरून वेळ परत जुळायची.

"तासाभराचं काम होतं," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात ही वही दाखवायची होती."

काका सुटले. बाईला घरी जायला सांगितलं, कायमचं. बाहेर बाकावर ड्रिलवाल्याची बायको बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"रजेवर जाताना तरी कोणाला सांगायचं होतंत, बाई," ती म्हणाली. "का नाही सांगितलंत?"

बाईनं पिशवी पोटाशी धरली.

"हसतील म्हणून," ती म्हणाली.