मोडीतून वाचलेलं कॅव्हियारचं भांडं

जुन्या चांदीच्या भांड्यांचा नाद मला लावला तो जळगावच्या एका सराफांनी. सगळे त्यांना नाना म्हणत. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की मी तपासायच्या वह्यांसकट त्यांच्या दुकानात जायचे. मोडीत आलेली तबकं, वाढपाच्या वाट्या ते वितळवण्याआधी मला दाखवायचे.

एकदा त्यांनी एक गोल, खोल भांडं पुढे ठेवलं. आत काचेची वाटी, झाकणावर चांदीचा मासा.

"भुसावळच्या बंगल्यातून आलंय. कशाचं आहे कळेना, पण वितळवायला हात धजावला नाही. तुम्ही न्या, ताई."

आमच्या शाळेतल्या एका सरांचे वडील भुसावळला रेल्वेच्या साहेबांकडे खानसामा होते. त्यांनी बघताक्षणी ओळखलं. "यात कॅव्हियार वाढायचे. म्हणजे माशाची अंडी. खाली बर्फ भरायचा, वर वाटीत अंडी."

घरी हे सांगितलं आणि पंचाईत झाली. सासूबाई साक्रीकडच्या, माळकरी. "हाई भांडं मना घरमा नको," म्हणाल्या. मी ते कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

दोन वर्षांनी त्यांना घशाची गाठ झाली. नाशिकला किरणांचे शेक घेऊन आल्या तेव्हा तोंड आतून सोलवटलेलं. गार दही तेवढं गिळवायचं, तेही चमचा चमचा. जळगावचा मे महिना. अर्धी वाटी संपेपर्यंत दही कोमट व्हायचं आणि त्या तोंड फिरवायच्या. शेवटी मी माळ्यावर चढले. भांडं घासलं, बर्फ भरला, काचेच्या वाटीत दही-साखर घातली. लपवलं मात्र नाही. "आई, हे तेच भांडं आहे," म्हटलं.

त्या बराच वेळ माशाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड उघडलं. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पूर्ण वाटी संपली.

"थंडगार शे. बरं वाटस," त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरात जाऊन मी पोटभर रडले.

दिवाळीपर्यंत त्या भाकरी खाऊ लागल्या. मग एके दिवशी स्वतःहून माझ्याबरोबर दुकानात आल्या आणि नानांपुढे हात जोडले. नाना गडबडून उभे राहिले.

"अक्का, मी काहीच केलं नाही. फक्त वितळवलं नाही, एवढंच."

"तेच तर," सासूबाई म्हणाल्या, आणि गादीवर बसून त्यांनी नानांकडे चहा मागितला.