एक दावं कमी पडलं

काष्टीच्या आसपास कुणाला बैल घ्यायचा असला की तो कारभारीअण्णांना बाजारात घेऊन जाई. अण्णा दात बघत, खूर बघत, चार पावलं चालवत आणि दहा मिनिटांत निकाल देत. चाळीस वर्षांत निकाल चुकला नाही असं लोक म्हणत. बैलांना कुणी विचारलं नव्हतं.

स्वतःच्या गोठ्याचा प्रश्न आला, तेव्हा मात्र पंधरा दिवस लागले.

जोडीतला एक बैल म्हातारपणानं गेला होता आणि बाजरीची पेरणी तोंडावर आली होती. पलीकडच्या गावचा हनुमंत आपला तांबडा द्यायला तयार होता. सात वर्षं औताला सरावलेला, हाक पुरी व्हायच्या आत वळणारा. बदल्यात त्याला अण्णांचे दोन्ही गोऱ्हे हवे होते. जुळे, दुधाच्या दातांचे, औत न पाहिलेले. त्यांची आई व्याल्यावर आठव्या दिवशी गेली. अण्णांच्या बायकोनं, कडूबाईंनी, दोघांना बाटलीनं पाजून वाढवलेलं.

"तांबडा आजून तीन-चार वर्सं वढील," अण्णा जेवताना म्हणत. "ह्यांच्यात धा-धा वर्सांचं बळ हाय. पन शिकवायला गुडघे कुठनं आनू?"

"गावाला अक्कल वाटता, घरी शिल्लकच न्हाई व्हय?" कडूबाई भाकरी वाढत.

पुण्याहून ओमनं फोनवर ट्रॅक्टर सुचवला. आईबापांनी त्याला जेवलास का विचारलं.

शेवटी होकार गेला. हनुमंत तांबड्याला चालवत घेऊन आला, दावणीला उभा केला आणि त्याच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं. जनावर द्यावं, दावं देऊ नये. त्याच्यासंगं घरची लक्ष्मी जाते. तेव्हा हनुमंताच्या हातात दावं एक, आणि न्यायचे गोऱ्हे दोन.

"आयला, हे ध्यानातच आलं न्हाई," तो म्हणाला. "एक आज नेतो, दुसरा उद्या."

"एकला कदी ऱ्हायलाच न्हाई त्यो," कडूबाई म्हणाल्या. कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही.

अण्णा खाली वाकले. एका गोऱ्ह्याचं दावं खुंट्यावरून सोडून त्याच्यासकट हनुमंताच्या हातात दिलं.

"अवो अण्णा, दावं देत न्हाईत!"

"म्हाईत हाय. दोगं संगं जाऊ देत."

"आन् लक्ष्मी?"

"तिला पाय हायेत. यील चालत."

गोऱ्हे खांद्याला खांदा घासत निघाले. कडूबाई वळणापर्यंत पोचवायला गेल्या. परतल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी तांबड्याच्या पायांवर ओतलं. तोही आजच घर सोडून आला होता.