थोरलीच्या हातची गोळी

इस्पितळात औषधं देण्याच्या खिडक्या तीन, पण रांग लागायची ती तिसऱ्या खिडकीला. तिथे थोरली असायची. एकोणीस वर्षांत तिच्या स्टुलाची गादी काही दबली नव्हती, कारण ती बसायचीच नाही. डॉक्टरांची चिठ्ठी एका नजरेत वाचायची आणि गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने अशा कापायची, की दहा दिवसांच्या दहा म्हणजे दहाच. एकही वाया जायची नाही. "पिवळी सकाळी, गुलाबी रात्री झोपताना. चला, पुढे." शेजारच्या खिडकीवरचा फार्मासिस्ट म्हणायचा, "मॅडम, त्या कात्रीला तरी एक दिवस सुट्टी द्या. बिचारीच्या कंबरेत उसण भरेल."

"तिला दे. मला नको," थोरली म्हणायची.

सुट्टी घेऊन करायचं काय? घरी धाकटी होती.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघींचं शिक्षण एकाच विषयातलं, औषधांचं. थोरलीने पदवी घेतली, नोकरी धरली, मुलगी झाली आणि गाडी तिथेच थांबली. धाकटी मागून आली, कॉलेजात शिकवायला लागली आणि आता संशोधन करत होती. विषय असा, की औषध खिडकीतून घरी गेल्यावर त्याचं पुढे काय होतं. त्यासाठी ती चार महिने चाळीस रुग्णांच्या घरी जाऊन आली. लोकांच्या पलंगावर बसून त्यांचे गोळ्यांचे डबे उघडून बघायचे, विचारायचं आणि लिहायचं. हे काम! थोरलीला वाटे, आपण दिवसाला तीनशे माणसांना औषध देतो, तर कुणी 'पाणी हवंय का' म्हणून विचारत नाही. ही उंटावरून शेळ्या हाकते, तर इस्पितळाचे अधीक्षक तिला स्वतःच्या खोलीत चहा पाजतात.

बाहेरच्यांचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण थोरलीची दहावीतली लेकसुद्धा अभ्यासाला काकूच्याच टेबलावर. "काकू किती छान समजावते, आई. तू लगेच चिडतेस." त्यावर थोरली खरंच चिडली, आणि लेक म्हणाली, "बघ!"

घरात एकच जागा धाकटीला अजून मिळाली नव्हती. सासूबाईंच्या गोळ्या. बाकी सगळ्यात त्यांना धाकटीचं कौतुक, पण रक्तदाबाची गोळी घ्यायची ती थोरलीच्या हातची. एकदा थोरलीला ताप होता तेव्हा धाकटीने पट्टी पुढे केली, तर म्हणाल्या, "ठेव तिथे. थोरली उठली की देईल." थोरलीने पांघरुणातून ते ऐकलं आणि तिचा अर्धा ताप तिथेच उतरला.

शनिवारी संध्याकाळी धाकटी तिच्या खोलीच्या दारात आली. हातात टाचलेले कागद.

"ताई, सोमवारी इस्पितळात हे मांडायचंय. त्याआधी तुम्ही वाचावं असं वाटलं."

"मी काय वाचणार? मी आपली पट्ट्या कापणारी."

"तेच तर..." धाकटी अडखळली. "पट्ट्यांबद्दलच आहे."

थोरलीने वाचलं. रक्तदाबाची गोळी पूर्वी पिवळी यायची. दोन महिन्यांपूर्वी पुरवठा करणारी कंपनी बदलली आणि तेच औषध पांढऱ्या गोळीत येऊ लागलं. चाळीसपैकी अकरा घरांत लोक जुनी पिवळीही घेत होते आणि नवी पांढरीही. एकच औषध, दुप्पट. दोघे पडले होते, एका बाईंचा हात मोडला होता. औषधाचं नाव पट्टीच्या एकाच टोकाला छापलेलं. कापली, की बाकीचे तुकडे बिननावाचे. मग माणूस रंगावरून ओळखणार.

"अकरातले नऊ जण तीन नंबरच्या खिडकीचे," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "मी खिडकीचा नंबर घातलेला नाही, ताई. कुणाला कळणार नाही."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या या शेवटच्या वाक्याने. चूक काढली असती तर भांडता आलं असतं. हिने पदर धरून झाकली!

"घाल की नंबर. भितेस कुणाला? मी मोजून देते. दहा दिवसांच्या दहा. पांढरी सुरू व्हायच्या आधी पिवळी संपलेलीच असते. उरणार कुठून?"

"लोक कधी विसरतात, कधी गावाला जातात..."

"तुझे लोक विसरत असतील."

रात्रभर तिने सोमवारची सभा डोळ्यांपुढे आणली. अधीक्षक, डॉक्टर, तिन्ही खिडक्यांचे लोक. धाकटी पडद्यापुढे उभी. नंबर नसला म्हणून काय झालं? कात्री कोणाची, हे न कळायला लोक काय दुधखुळे आहेत? एकोणीस वर्षांचं नाव आणि या बयेच्या वीस मिनिटांत धुळीला.

सकाळी तिला युक्ती सुचली. पुरावा तर घरातच होता! सासूबाईंचा डबा. त्याच पट्ट्या, तीच कात्री आणि वय वर्षं एकाहत्तर. तो डबा धाकटीपुढे आपटायचा आणि म्हणायचं, बघ, याला म्हणतात नेमकेपणा. धाकटीने तो पाहिलेला नसणारच, कारण घरच्या माणसांना संशोधनात धरायचं नसतं, हे तिनेच सांगितलं होतं.

सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. स्वतःच्या लेकीकडे दोन महिने राहून त्यांना परत येऊन आठवडा झाला होता, आणि तेव्हापासून उठताना भिंत धरत होत्या. प्रवासाचा शीण, असं सगळेच म्हणत होते. थोरलीसुद्धा.

"आई, तुमचा डबा द्या बरं जरा."

"घे. आजच्या घेऊन झाल्या माझ्या."

'झाल्या' हा शब्द थोरलीला खटकला. गोळी तर रोज एकच होती. तिने झाकण काढलं. पांढऱ्या गोळ्यांचा तुकडा होता. त्याच्याखाली पिवळ्यांचा. बिननावाचा, कडा सरळ कापलेला. स्वतःची कापण्याची पद्धत ती ओळखणार नाही तर कोण? पिवळ्यातल्या सात जागा फुटलेल्या, तीन गोळ्या शिल्लक. पांढऱ्यातल्याही सात फुटलेल्या.

"आई, या पिवळ्या कुठून आल्या?"

"कुठून म्हणजे? लेकीकडे जाताना डबा इथेच राहिला ना माझा. तिने तिकडे दुसऱ्या घेऊन दिल्या. या तशाच होत्या."

"आणि तुम्ही परत आल्यावर मी पांढऱ्या दिल्या तेव्हा?"

"तेव्हा त्याही घ्यायला लागले."

"दोन्ही?"

"मग? पिवळी तू दिलेली, पांढरीही तू दिलेली. तुझ्या हातचं टाकू कसं मी?"

जी गोष्ट ऐकायला थोरली एवढी वर्षं कान टवकारून होती, ती सासूबाईंनी अगदी सहज सांगून टाकली, आणि थोरलीला खाली बसावं लागलं.

मग ती उठली. यंत्र आणून रक्तदाब मोजला. खूपच खाली होता. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पिवळ्या बंद, आजचा दिवस पडून राहा, उद्या पांढरीही मला दाखवून मगच, असं सांगितलं. सासूबाईंना झोपवून तिने पिवळा तुकडा पदरात घेतला.

घरात कुणाला काही माहीत नव्हतं. लेक आंघोळीला गेली होती. तुकडा कचऱ्यात टाकला, की विषय संपला. चक्कर आपोआप जाईल, सासूबाई म्हणतील थोरलीने वेळेवर ओळखलं, आणि सोमवारी ती छाती काढून म्हणू शकेल, की माझ्या घरच्या डब्यात असं काही होत नाही. धाकटीला याचा वाससुद्धा लागणार नाही. थोरली कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन उभी राहिली. पायाने झाकण उघडलंही.

पण तिला दोन महिन्यांतली रांग दिसायला लागली. काठी टेकत येणारा म्हातारा शिक्षक. नातवाला कडेवर घेऊन येणारी. 'मॅडम, तुम्ही सांगाल तसं' म्हणणारा रिक्षावाला. धाकटीने चाळीस घरं बघितली होती. उरलेल्यांचे डबे कुणी उघडले होते? आणि ते सगळे तिच्या हातचं न टाकणारेच.

ती धाकटीच्या दारात गेली. टेबलावर आपल्या लेकीची वही पसरलेली तिला दिसली, तरी या वेळी त्यावर काही बोलली नाही.

"लिहून घे," ती दारातूनच म्हणाली. "बाई, वय एकाहत्तर. सात दिवस दोन्ही गोळ्या. उठताना चक्कर. खिडकी नंबर तीन."

धाकटीने वर पाहिलं. पिवळा तुकडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "आईंना? अगं बाई! आणि मी लोकांची घरं पालथी घालत होते."

"काखेत कळसा. तुझ्याही आणि माझ्याही. आता रडू नकोस, त्या बऱ्या आहेत, डॉक्टरांशी बोलले मी. घरचं माणूस मोजायचं नसेल तर मोजू नकोस, पण सोमवारी हे सांगायचं. तू नाही, मी सांगणार. आणि खिडकीचा नंबर घाल. मला तुझं पांघरूण नको."

"ताई, मी तसं नव्हतं..."

"माहीत आहे. म्हणूनच जास्त राग येतो. पुढचं ऐक. पांढरी सुरू झाल्यापासून कुणाकुणाला दिली ते माझ्या वहीत आहे. प्रत्येकाला फोन करून डबा घेऊन बोलावते. तुझ्या चाळीस घरांत अकरा निघाले ना? माझ्या खिडकीवर बघ किती निघतात."

"ही काही शर्यत आहे का?" धाकटीला हसू आलं.

"तुला नसेल."

धाकटीने नवा कागद ओढला आणि लिहायला लागली: वय, औषध, किती दिवस. थोरली तिच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. एकही खाडाखोड नाही, ओळी सरळ, आकडे सुटे सुटे. मेलीचं अक्षरसुद्धा चांगलं होतं.

"एकाहत्तर नीट लिही," थोरली म्हणाली. "सात एकासारखा दिसतोय."

दिसत नव्हता. धाकटीने मुकाट्याने तो पुन्हा गिरवला.